दाखल आहेत, असं तुम्ही म्हणालात

अण्णा,

मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "पोरगी सिनेमात आवाजाचं बघते." समोरचा म्हणायचा, "म्हणजे गाणी?" आणि तुम्ही "व्हय, तसंच काहीतरी" म्हणून विषय मिटवायचात. गाण्यांशी माझा काही संबंध नाही. शूटिंगच्या जागी जनरेटर चालू असतो, माणसं ओरडत असतात, त्यामुळं तिथं रेकॉर्ड झालेलं पुष्कळदा टाकून द्यावं लागतं. मग बंद खोलीत बसून आम्ही सगळं नव्यानं उभं करतो. बाई अंगणातून चालत गेली तर तिच्या चपलेचा आवाज आम्ही करतो. लांब कुठं मोटारपंप चालू आहे का, घरात पंखा आहे का, असला तर तो कुरकुरतो का, हे आम्ही ठरवतो. नटानं म्हटलेलं वाक्यसुद्धा तो नंतर पुन्हा येऊन माइकसमोर म्हणतो. आणि कुठल्या जागी काहीच ऐकू येऊ द्यायचं नाही, तेही आमच्याच हातात असतं. तुम्ही असता तर एवढं ऐकून "बरंय" म्हणाला असता आणि पेपर उघडला असता.

कळंबच्या एसटी स्टँडवरची तुमची केबिन मला अजून दिसते. खिडकीला जाळी, जाळीला मधोमध बोलण्यापुरतं गोल भोक, टेबलावर रजिस्टर, काळा फोन आणि वाकड्या मानेचा माइक. माइकच्या बुडाला बटण. ते वर केलं की भिंतीवरच्या पेटीत लाल दिवा लागायचा आणि बाहेर खांबावरचे भोंगे जागे व्हायचे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. येरमाळा, बार्शीमार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." हे लिहितानासुद्धा मला यातला एक शब्द बदलता येत नाही. घरी तुम्ही फार बोलत नव्हता, आणि बोललात तरी त्याच चालीत बोलायचात. "मीठ द्या." आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मीठ फलाटावर लागलंय, घ्या." मी हसायचे. तुम्हाला हसू यायचं की नाही ते मला कधी दिसलं नाही, तुम्ही ताटात बघत असायचात.

आपलं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. लहान असताना एकदा तुम्ही डेपोतल्या साहेबांकडं गेला होता आणि मी केबिनमध्ये एकटी होते. मी बटण वर केलं आणि माइकमध्ये म्हटलं, "आई, अण्णा चष्मा घरी विसरलेत, पाठवून दे." सगळं स्टँड हसलं. पानटपरीवाला टाळ्या वाजवायला लागला. तुम्ही धावत आलात, माझं मनगट धरलंत आणि बटण खाली केलंत. मला वाटलं आता बसणार एक. तुम्ही मारलं नाही. म्हणालात, "भोंगा गावाचा असतो. घरातलं त्याच्यात बोलायचं नाही." मनगट मात्र पुष्कळ वेळ दुखत होतं. चष्मा आईनं आणून दिला.

त्या दुपारचं मला तुमच्याशी बोलायचं आहे. तेव्हा मी अकरावीत होते. चैत्रातली यात्रा होती, येरमाळ्याला जाणाऱ्या गाड्या भरभरून चालल्या होत्या आणि तुम्हाला जेवायला घरी यायला सवड नव्हती, म्हणून मी डबा घेऊन आले. आले तर केबिनभोवती ही गर्दी. यात्रेला निघालेला एक टेंपो येरमाळ्याच्या अलीकडच्या उतारावर उलटला होता. लोकांना उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा आपण उस्मानाबादच म्हणायचो. कोण त्यात होतं, कुणाचं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. आजच्यासारखे खिशाखिशात फोन नव्हते. आसपासच्या सगळ्या गावांतली माणसं स्टँडवर येऊन उभी होती, कारण फोन आणि भोंगे दोन्ही तिथं होते. दवाखान्यातला माणूस फोनवरून एकेक नाव सांगणार आणि तुम्ही ते तिथल्या तिथं पुकारणार, असं ठरलं होतं. आत्या दरवर्षी एसटीनं यात्रेला जायची. त्यामुळं टेंपो म्हटल्यावर मला तिची आठवणसुद्धा झाली नाही. तुम्हाला झाली होती का?

मी कपाटाजवळ डबा धरून उभी राहिले. तिकीट खिडकीवरचे काका तुमच्या खुर्चीला टेकून उभे होते. तुम्ही डाव्या कानाला रिसीव्हर लावलात, उजव्या हाताचं बोट बटणावर ठेवलंत. "सांगा," म्हणालात फोनमध्ये. मग ऐकायचं, "गाव? बरं," एवढं म्हणायचं, आणि बटण वर. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव, गाव. "दवाखान्यात दाखल आहेत. नातेवाइकांनी उस्मानाबादच्या गाडीनं जावं." बटण खाली. प्रत्येक नावानंतर स्टँडच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून हंबरडा उठायचा आणि गर्दी तिकडं झुकायची. तुम्ही तो शमेपर्यंत थांबत होता आणि मगच पुढचं नाव घेत होता. मधेच एकदा तुम्ही फोनवर बराच वेळ काही बोलला नाहीत. मग "बरं" म्हणालात आणि पुन्हा बटण वर केलंत. तीच चाल, तेच वाक्य. आणखी काही नावं झाली, आणि मग तुम्ही आत्याचं नाव घेतलंत.

पूर्ण नाव घेतलंत. मला ते ओळखायला क्षणभर लागला, कारण आत्याला आडनाव आहे हे आपल्या घरात कुणाच्या ध्यानात नसायचं. आजी गेल्यावर तिनंच तुम्हाला वाढवलं. तुम्हाला "लेकरा" म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं. तिचं नाव फोनमधून तुमच्या कानात आलं आणि तसंच तोंडातून भोंग्यात गेलं, मधे कुठं थांबलं नाही. "दवाखान्यात दाखल आहेत. नातेवाइकांनी उस्मानाबादच्या गाडीनं जावं." तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. तुमचा आवाज इतका सरळ होता की मी मनात म्हटलं, दाखल आहे म्हणजे दवाखान्यात आहे, दवाखान्यात आहे म्हणजे बरी होणार. तुम्ही त्यानंतरही नावं घेतलीत. मग फोन ठेवलात, आणि बटण खाली करायचं विसरलात.

लाल दिवा तसाच राहिला. मला तो दिसत होता आणि मी काही बोलले नाही. बाहेर भोंग्यांतून आपल्या केबिनमधला पंखा ऐकू येत होता. तुम्ही खुर्ची मागं सारलीत, ती फरशीवर घासल्याचा आवाज सगळ्या स्टँडवर गेला. माठातून पाणी घेतलंत. पेल्यात पाणी पडतानाचा आवाज, मग तुम्ही ते घटाघट प्यायल्याचा. मग तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "आईला घेऊन ये. गाडी थांबवतो." हे वाक्य मी दोनदा ऐकलं. एकदा तुमच्या तोंडातून, आणि जरा मागून भोंग्यांतून. काकांनी पुढं होऊन बटण खाली केलं. ते दोन आवाज मी इतक्या वर्षांत किती वेळा शेजारी ठेवून ऐकले असतील. एकात काहीतरी होतं आणि दुसऱ्यात नव्हतं, असं वाटायचं. कशात होतं ते सांगता यायचं नाही.

आईनं पिशवीत आत्यासाठी धुतलेलं लुगडं घेतलं, फणी घेतली, दशम्या बांधल्या. गाडी तुम्ही खरंच थांबवून ठेवली होती. तुम्ही मागून आलात, तुमच्या जागी माणूस आल्यावर. तोवर आम्हाला कळलं होतं. एसटीत जागा न मिळाल्यानं आत्या त्या टेंपोत बसली होती, आणि तिथं आणायच्या आधीच ती गेली होती. आई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती आणि मी पिशवी धरून उभी होते. दशम्यांचा वास येत होता. मला रडू आलं नाही. तुम्ही आलात, आत गेलात, बाहेर आलात आणि कागदावर सही कुठं करायची ते विचारलंत.

दहाव्याला तिकीट खिडकीवरचे काका आले होते. मी त्यांना चहा दिला तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेबांचं काळीज लई मोठं बघ. मी टेकून हुतो, मला फोनमधलं ऐकू येत हुतं. तिकडून म्हणला, आता पुढचे मयत. साहेब नुस्तं बरं म्हणले." तेव्हा मला त्या मधल्या थांबण्याचा अर्थ लागला. म्हणजे त्यानंतर तुम्ही पुकारलेली सगळी माणसं गेलेली होती आणि तुम्हाला ते माहीत होतं. आत्याचं नाव कानात पडलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही दाखल आहेत म्हणालात.

ते काळीज मोठं होतं की काय होतं, यावर गावात एकमत नव्हतं. तुम्ही पुन्हा कामावर गेलात त्या आठवड्यात एक माणूस केबिनच्या खिडकीशी आला. त्याची बायको त्या टेंपोत होती. मी तेव्हाही डबा घेऊन आले होते. तो जाळीला दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "तू दाखल म्हणलास. मी म्हणलं वाचली. गाडीला टाइम हुता तर मी चहा पिलो. टपरीवर बसून चहा पिलो मी! ती तिकडं मरून पडलेली आन् मी इकडं..." लोक गोळा झाले. तुम्ही उठून उभे राहिलात, त्याच्यासमोर, जाळीच्या आत. त्यानं जाळीवर थुंकलं आणि तो गेला. तुम्ही रुमालानं जाळी पुसलीत आणि लातूरची गाडी पुकारलीत.

त्या रात्री जेवताना मी तुम्हाला विचारलं. तुमच्याशी मी आवाज चढवून बोलले ते तेवढंच. "तुम्हाला माहीत होतं ना? मग खोटं का सांगितलंत? आम्ही तिच्यासाठी फणी घेऊन गेलो." आईनं माझ्याकडं डोळे वटारले. तुम्ही घास खाली ठेवलात. म्हणालात, "आपलं माणूस गेलं हे कुणी भोंग्यातून ऐकू नये. जवळ बसून सांगायची गोष्ट हाय ती." मी म्हटलं, "मग जवळ बसून तरी कुणी सांगितलं आम्हाला?" तुम्ही घास उचललात, आणि थोड्या वेळानं आईला म्हणालात, "ताक द्या."

त्यानंतर आपण यावर कधी बोललो नाही. मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही गाडीच्या खिडकीशी येऊन कापसाचे दोन बोळे दिलेत. "खिडकीत बसायलीस. वारं लागंल. कान सांभाळ." आवाजाचं शिकायला निघालेल्या मुलीला एवढी नेमकी भेट दुसऱ्या कुणी दिली नसती, पण तुम्ही ते वाऱ्यासाठीच दिले होते. येरमाळ्याचा उतार येईपर्यंत मी ते कानात ठेवले आणि मग काढून टाकले. तुम्ही निवृत्त झालात, मग वर्षाभरात छातीत दुखून गेलात. मी मुंबईत एका सिनेमाच्या कामात होते. पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. कुणीतरी म्हणालं, बापावर गेलीय, डोळ्यांत टिपूस नाही. मी आईला धरून बसले आणि शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या ऐकत राहिले.

यंदा लातूरकडचा एक तरुण दिग्दर्शक त्याचा सिनेमा घेऊन आला. कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागते, बाहेर फाटकाशी बायका-माणसं जमतात आणि तिथला टाइमकीपर भोंग्यावरून आगीत सापडलेल्यांची नावं वाचतो, असा त्यात एक प्रसंग आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नुसती वहीत लिहून घेत गेले: गर्दी, वारा, भोंगा, लोखंडी फाटक. अंगाला काही झालं नाही. काम आहे म्हणून घेतलं. शूटिंगचा आवाज खराबच होता, सगळं नव्यानं करायचं होतं. टाइमकीपरचं काम सोलापूरचे एक वयस्क नट करतात, जन्म नाटकात गेलेला. पडद्यावर ते नावं वाचता वाचता रडू लागतात. दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, इथं थिएटर रडलं पाहिजे. मागं व्हायोलिन असेल. तुम्ही बायकांचं रडणं वाढवा."

मी त्याला म्हटलं, "चेहरा लांबून दिसतोय, ओठ नीट दिसत नाहीत. आवाज आपण वेगळा घेऊ शकतो. त्यांना न रडता वाचू दे." तो म्हणाला, "मग त्याला काय वाटतंय ते कळणार कसं?" मी म्हटलं, एकदा करून बघू.

नट आले, पांढरा सदरा, हातात पिशवी. माइकसमोर उभे राहिले आणि पहिल्याच नावाला त्यांचा गळा भरून आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चांगलाच भरून येत होता, नाटकात टाळी मिळाली असती. दिग्दर्शकाला आवडत होतं. मी नको म्हणत होते म्हणून तो वैतागला. बाजूला घेऊन मला म्हणाला, "तुम्हाला खरंच हवंय ना? त्यांची बायको गेलीय दिवाळीत. नावांमध्ये तिचं नाव टाकू. न सांगता. मग बघा काय येतं ते." मी त्याच्याकडं बघितलं. तो वाईट मुलगा नाही. त्याला आपला सिनेमा चांगला व्हायला हवा होता. मी म्हटलं, "हे केलंस तर मी आत्ता उठून जाईन." तो म्हणाला, "एवढं काय मॅडम, नटच आहेत ते."

मग मी नटांच्या हातातला कागद काढून घेतला. त्यांना हेडफोन दिला आणि सांगितलं, "मी आतून एकेक नाव सांगेन. तुम्ही ऐकायचं आणि तेवढंच बाहेर द्यायचं. बाकी काही करू नका." काचेच्या अलीकडं बसून मी नावं सांगायला लागले. पहिली दोन-तीन त्यांनी नाटकातल्यासारखी म्हटली. मग पुढचं नाव ऐकायच्या नादात त्यांचा आवाज हळूहळू मोकळा झाला, सपाट झाला. रडायला त्यांना जागाच मिळेना. कागदावरची नावं संपत आली तेव्हा मी आत्याचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, गावासकट. ओघात गेलं असं सांगता येईल, पण सकाळी दात घासतानाच ते माझ्या डोक्यात होतं. काचेपलीकडून त्यांनी ते जसंच्या तसं उचललं. "दवाखान्यात दाखल आहेत." हे वाक्य सिनेमातही होतं, दिग्दर्शकानंच लिहिलेलं. मी वाट बघितली. माझ्या आत काही हललं नाही. मी टेक चांगला आहे अशी खूण केली आणि पुढचं नाव सांगितलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बाई, एक नाव कागदावर नव्हतं." मी हो म्हटलं. त्यांनी पिशवी उचलली, जरा थांबले. "कोण लागायच्या?" "आत्या." त्यांनी मान हलवली आणि चप्पल घातली.

दिग्दर्शकानं ऐकलं आणि म्हणाला, "कोरडं झालं मॅडम." मी म्हटलं, "हा खोलीतला आवाज आहे. भोंग्यातून आलेला ऐक, मग ठरव." मशीनवर भोंग्यासारखा आवाज करता येतो, सगळे तसंच करतात. पण भोंग्यातून निघून, उघड्यावरून जाऊन, समोरच्या भिंतीला लागून मागं येणारा आवाज मला खरा हवा होता. म्हणून मी कळंबला आले. मंडपवाल्याकडं दोन जुने भोंगे मागितले. तो म्हणाला, "कुणाचं लगीन हाय?" मी म्हटलं, कुणाचं नाही. "मग प्रचार?" तेही नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं नीट बघून भाडं आगाऊ घेतलं. बाजार समितीचं आवार रविवारी रिकामं असतं. भोंगे शेडच्या खांबाला बांधले. आई म्हणाली मीही येते, घरी बसून काय करू. तिला सावलीत पोत्यांच्या थप्पीवर बसवलं. तिथं पेंडीचा वास होता, दोन-चार हमाल पत्ते खेळत होते. मी माइक घेऊन आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि मंडपवाल्याच्या पोऱ्याला हात केला.

नटांनी वाचलेली नावं भोंग्यातून सुरू झाली. हमालांनी पत्ते थांबवले. एक जण उठून उभा राहिला. रस्त्यावरून चाललेला मोटारसायकलवाला थांबला आणि त्यानं गाडी बंद केली. मग आत्याचं नाव आलं, भोंग्यातून एकदा आणि समोरच्या गोदामाच्या भिंतीवरून जरा मागून पुन्हा. मी आईकडं बघितलं. ती पोत्यावर ताठ बसली होती आणि तिनं पदर डोक्यावरून घेतला होता. राखणदार धावत माझ्याकडं आला. "बाई, कुठं झालंय? कोण गेलं?" मी त्याला सांगितलं, सिनेमाचं आहे. तो म्हणाला, "असलं वाजवायचं असलं तर आधी सांगत जा की. माझी लेक येरमाळ्याला दिलीय." मी माफी मागितली. रेकॉर्डिंगमध्ये त्याचं धावत येणंही आलं होतं, ते मी नंतर काढलं.

आईजवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "वन्संचं नाव कशाला घातलंस?" मी म्हटलं, "माहीत नाही." तिला ते पटलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. रिक्षातून घरी येताना मी तिला विचारलं, "त्या दिवसानंतर अण्णा कधी रडले होते का?" ती म्हणाली, "मला न्हाय दिसले. पर वर्षभर डाव्या कानाला फोन लावत न्हवते. उजव्याच कानानं ऐकायचे." मग जरा वेळानं म्हणाली, "हा माणूस बोलायलाय त्यांच्यावाणीच. पर आवाज त्यांचा न्हाय. त्यांचा बारीक हुता. वाक्य संपताना नाकात जायचा जरासा. तुला आठवत न्हाय व्हय?" मी म्हटलं, "आठवतो की." ती बाहेर बघायला लागली.

सिनेमा आता पुरा झाला. दिग्दर्शकानं भोंग्याचा आवाज ऐकला तेव्हा तो म्हणाला, राहू दे. व्हायोलिन त्यानं नावं संपल्यावर लगेच सुरू केलं आहे. मला ते नको होतं, पण सिनेमा त्याचा आहे. बायकांचं रडणं कमी केलं. लोक म्हणतात तो प्रसंग अंगावर येतो. परवा एका मुलीनं मला विचारलं की हे तुम्हाला सुचलं कसं, आणि मी काहीतरी उत्तर दिलं.

तुमचा आवाज कुठंही रेकॉर्ड झालेला नाही. शोधला मी. धाकट्या मामाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तुम्ही आहात, पंगतीत कुणालातरी आग्रह करताय, ओठ हलताहेत. व्हिडिओवाल्यानं सगळ्यावर गाणं घातलंय. तेव्हा हे पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी की एकेक दिवस सावकाश आठवत गेलं तर त्यातून आवाजही येईल. चष्म्याचा दिवस आठवला, ताकाचा, कापसाचा. सगळं दिसलं. पण ती दुपार आठवली की हात तुमचा असतो, बटण तेच असतं, ओठ तुमचे हलतात आणि सोलापूरच्या त्या नटांचा आवाज येतो. इतकं चांगलं काम झालंय ते. आईला मी आठवतो म्हणाले, ते खरं नव्हतं. तिला अजून सांगितलेलं नाही.